चिमटी पाल आणि मागच्या दारचा दिवा

ऐका, ऐका. खोटं वाटलं तर भिंतीला विचारा. ती अजून तिथंच उभी आहे.

एक होतं घर. घराला होतं मागचं दार. मागच्या दारी होतं फणसाचं झाड. झाडाखाली सावलीच सावली. इतकी सावली, इतकी सावली, की कावळासुद्धा भिंत चाचपत उडायचा!

त्या भिंतीवर राहायची एक पाल. चिमटीत मावेल एवढी. म्हणून तिचं नाव चिमटी.

चिमटीच्या शेजारी होता एक जुना दिवा. पिवळा पिवळा. संध्याकाळ झाली की शालनकाकू बटण दाबायच्या. खट्! दिवा लागायचा. पाखरं यायची. भिरभिर भिरभिर! चिमटी एक पाखरू खायची. गट्टम्! मग दिव्याजवळ पोट शेकत बसायची.

पण एक होता बोका. तो सावलीतून यायचा. काकूंचे सुके बोंबील पळवायचा.

दत्तूकाका म्हणाले, "या मिचमिच्या दिव्याला बोका भीतच नाही! आता उन्हावर चालणारा दिवा आणू. दिवसा ऊन खाईल, संध्याकाळी लख्ख पेटेल."

काकू म्हणाल्या, "अहो, इथं सावली आहे. ऊन कुठलं खाणार तो? तारेचाच आणा."

"उन्हाचा!"

"तारेचा!"

"उन्हाचा!"

तेवढ्यात चिमटीला दिसलं एक जाडजूड पाखरू. ती आनंदानं बोलली, "चुक् चुक्!"

काकांनी टाळी वाजवली. "ऐकलंस? मी उन्हाचा म्हटलं आणि पाल बोलली. पाल बोलली म्हणजे खरं! आता उन्हाचाच दिवा."

जुना दिवा उतरला. डब्यात गेला. नवा दिवा चढला. गोरा गोरा, ऐटबाज!

संध्याकाळ झाली. नवा दिवा पेटलाच नाही. दुसरी संध्याकाळ झाली. तरी पेटला नाही. बोका आला, बोंबील घेऊन गेला. काकूंनी काकांशी अबोला धरला. आणि चिमटीचं पोट म्हणालं, गुर्रर्र!

चिमटी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गेली दिव्याकडे.

"दिवेदादा, दिवेदादा, पेटता का?
पाखरू येत नाही,
पोटात काही नाही. चुक् चुक्!"

दिवा म्हणाला, "मी नाही पेटणार! माझ्या पोटात तरी काय आहे? आधी ऊन येऊ दे, मग मी पेटेन."

चिमटी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गेली उन्हाकडे.

"ऊनताई, ऊनताई, येतेस का?
दिवा पेटत नाही,
पाखरू येत नाही,
पोटात काही नाही. चुक् चुक्!"

ऊन म्हणालं, "मी नाही येणार! फांदी आडवी पडलीय. आधी फांदी वर होऊ दे, मग मी येईन."

चिमटी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गेली फांदीकडे.

"फांदीबाई, फांदीबाई, वर होता का?
ऊन येत नाही,
दिवा पेटत नाही,
पाखरू येत नाही,
पोटात काही नाही. चुक् चुक्!"

फांदी म्हणाली, "मी नाही वर होणार! हा फणस बघ. हत्तीच्या पिल्लाएवढा! माझी कंबर मोडली. आधी फणस उतरू दे, मग मी वर होईन."

चिमटी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गेली फणसाकडे.

"फणसोबा, फणसोबा, उतरता का?
फांदी वर होत नाही,
ऊन येत नाही,
दिवा पेटत नाही,
पाखरू येत नाही,
पोटात काही नाही. चुक् चुक्!"

फणस म्हणाला, "मी नाही उतरणार! उडी मारली तर फुटेन ना! आधी काका चढू देत, मग मी उतरेन."

चिमटी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गेली दत्तूकाकांकडे.

"काका, काका, चढता का?
फणस उतरत नाही,
फांदी वर होत नाही,
ऊन येत नाही,
दिवा पेटत नाही,
पाखरू येत नाही,
पोटात काही नाही. चुक् चुक्!"

काका म्हणाले, "मी नाही चढणार! शिडी डुगडुगते. आधी काकूला शिडी धरू दे, मग मी चढेन."

चिमटी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गेली स्वयंपाकघरात. काकू नारळ खवत होत्या. खर्र खर्र!

"काकू, काकू, शिडी धरता का?
काका चढत नाहीत,
फणस उतरत नाही,
फांदी वर होत नाही,
ऊन येत नाही,
दिवा पेटत नाही,
पाखरू येत नाही,
पोटात काही नाही. चुक् चुक्!"

काकू म्हणाल्या, "मी नाही धरणार! आधी तो दिवा पेटू दे, मग मी शिडी धरेन."

अगंबाई! दिव्याला हवी शिडी. शिडीला हवा दिवा. चिमटीचं डोकं फिरलं. गरगर गरगर!

काकू म्हणाल्या, "मी सांगत होते, तिथं सावली आहे. माझं ऐकलं का कुणी? म्हणे, पाल बोलली!"

चिमटीची शेपटी खाली गेली. भिंतीला एक भेग होती. त्या भेगेत शिरावं आणि लपावं, असं तिला वाटलं. एक पाय आत गेलासुद्धा. मग तिनं तो बाहेर काढला.

"काकू, ती पाल मीच. मी दिव्याला हो म्हटलं नव्हतं. मला पाखरू दिसलं होतं. माझं चुकलं."

काकूंची खवणी थांबली. काकू हसल्या. खुदुखुदु!

"अहो, ऐकलंत का? तुमची पाल पाखराला भुलली होती!"

काका धावत आले. "आँ? बोललीस माझ्याशी?"

"बोलले खरी!"

काकांनी डोकं खाजवलं. "माझंही चुकलंच गं. पालीचं ऐकलं. तुझं ऐकलं नाही."

मग काय!
काकूंनी शिडी धरली.
काका चढले.
फणस उतरला. धप्प!
फांदी वर झाली. सुंईं!
ऊन आलं.
दिव्यानं दिवसभर ऊन खाल्लं. संध्याकाळी पेटला. लख्ख!
बोका पळाला. धूम!
पाखरू आलं.
चिमटीनं खाल्लं. गट्टम्!

पोट भरलं. चिमटी दिव्याजवळ पोट शेकायला गेली. तर काय! दिवा गार. लख्ख दिवा, पण गार गार. चिमटीला जुना दिवा आठवला. पिवळा पिवळा. बिचारा डब्यात बसला होता.

तेवढ्यात काका डबा घेऊन आले. "अगं, हा जुना दिवा भंगारवाल्याला देऊ का?"

काकूंनी भिंतीकडे पाहिलं. काकांनीही भिंतीकडे पाहिलं.

आणि नेमकं तेव्हाच आलं एक पाखरू! जाडजूड! अगदी चिमटीच्या नाकासमोर! भिरभिर भिरभिर!

चिमटीनं तोंड मिटलं. घट्ट मिटलं. पाखरू डावीकडे गेलं. चिमटी गप्प. पाखरू उजवीकडे गेलं. चिमटी गप्प. पाखरू उडून गेलं. चिमटी गप्पच.

काका म्हणाले, "पाल काही बोलली नाही."

काकू म्हणाल्या, "मग नाही द्यायचा. न्हाणीच्या दाराशी लावा."

खट्! जुना दिवा लागला. चिमटी गेली. सुळुक सुळुक. दिव्याजवळ जाऊन बसली.

"डब्यात काळोख होता का रे?" तिनं हळूच विचारलं.

 दिवा नुसता ऊब देत राहिला.

खरं का खोटं? भिंतीला विचारा. पालीला विचारू नका. ती आता बोलायची नाही.