केरोबाचं उत्तर बरोबर आलं

एका गावात एक भोळा जावई होता. नाव केरोबा. अंगाने धडधाकट, मनाने निर्मळ, आणि डोकं म्हणाल तर पागोटं ठेवायला उत्तम.

पहिल्या दिवाळसणाला तो सासरी गेला. सासरे गणिताचे मास्तर. शाळेतून निवृत्त झाले होते, पण गणितातून कुणी निवृत्त होतं का! जावयापुढे करंज्यांचं ताट ठेवून त्यांनी विचारलं, "जावईबापू, ताटातल्या निम्म्या करंज्या मुलांनी खाल्ल्या. उरल्या बारा. तर एकूण किती?"

केरोबाने ताटात डोकावून पाहिलं. "बाराच आहेत की, मामा. मोजून घ्या."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. मुलगी देताना घर पाहिलं, जमीन पाहिली, विहीर पाहिली, अपूर्णांक तेवढे पाहायचे राहिले! त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला. "ज्याला एकूण काढता येत नाही, त्याच्या घरी माझी सगुणा नांदायची नाही. शिकून या, मग तिला न्या. आणि ध्यानात ठेवा, आधी उरलं किती ते बघायचं. त्यावरून एकूण निघतं."

सगुणा दाराआड डोळे पुसत होती. बारा म्हणा की चोवीस म्हणा, तिला नवरा आवडत होता. पण मास्तरांच्या घरात गणितापुढे माणसांचं कोण ऐकतं!

केरोबा एकटाच घरी आला. सगुणेवाचून त्याला करमेना, घास गोड लागेना. शिकायचं म्हणजे शिकायचं, असा त्याने पण केला.

दुसऱ्या दिवशी आईने अंगणात बाजेवर पापड वाळत घातले. म्हणाली, "केरू, पापड किती झालं बघ रं."

आधी उरलं किती ते बघायचं! पण पापड सगळेच जागेवर. उरणार कुठून? केरोबाने शेजारची शेळी सोडून आणली. तिने निम्मी बाज साफ केल्यावर तिला हाकललं आणि मन लावून मोजणी केली.

"आई, निम्मे गेले, चाळीस उरले. एकूण ऐंशी!"

उत्तर बरोबर आलं. पापड तेवढे गेले.

आईने आधी पाठीत धपाटा घातला, मग शहाणपण सांगितलं. "मुडद्या, गणितात शेळी कशाला? पाव हिस्सा ठावा असला की त्याची चौपट करायची. सबंध व्हतंय. संपलं!"

केरोबाने ते घोकून घोकून पाठ केलं.

पुढे आईचं पोट जड झालं. वैद्य आले, नाडी बघितली आणि म्हणाले, "सकाळी पाव वाटी एरंडेल दे." केरोबाला आनंद झाला. पाव हिस्सा तर वैद्यांनी आयताच सांगितला! त्याने चौपट केली आणि सबंध वाटी आईपुढे धरली. लेकाच्या भरवशावर माउलीने डोळे मिटून घटाघटा पिऊन टाकली.

उत्तर बरोबर आलं. आईने मात्र संध्याकाळपर्यंत हातातलं टमरेल खाली ठेवलं नाही.

भिंत धरत धरत ती घरात आली. धपाटा घालायला अंगात त्राण नव्हतं, म्हणून नुसतं शहाणपण सांगितलं. "मेल्या, दिसंल त्याची चौपट करतात व्हय? जेवढं दुसऱ्याला दिलं, तेवढं परत मिळवायचं. मग मूळचं एकूण निघतंय."

केरोबाने तेही पाठ केलं.

आई बरी झाली. देवीला नैवेद्य दाखवून तिने आळीत घरोघर पुरणपोळ्या वाटल्या. शेजारच्या बायजाकाकूंनी घास चावता चावता कौतुकाने विचारलं, "केरोबा, सगळ्या आळीला पुरल्या की रं! केल्या तरी किती?"

झालं. केरोबा टोपली घेऊन निघाला. कुणाच्या शिंक्यातून, कुणाच्या ताटातून पोळ्या गोळा करत आला. शेवटी बायजाकाकूंच्या हातातलीही काढून घेतली.

"अर्धी खाल्ली काय, काकू? असू दे, मी एक धरतो. एकूण तीस!"

उत्तर बरोबर आलं. त्या दिवसापासून आळीत मायलेकरांशी कुणी बोलेना.

आईने हात जोडले. "बाबा, आता गाडी जुंप आणि सून घेऊन ये. घरात एक तरी डोकं असू दे."

केरोबा बैलगाडी घेऊन सासरी पोचला. सगुणेचा आनंद पोटात मावेना. मास्तरांनाही आता लेकीचे रडवे डोळे बघवत नव्हते. त्यांनी मनाशी ठरवलं, सोपं विचारायचं आणि पाठवून द्यायचं. सगुणेच्या आईने तिची ओटी भरली, दोघा भावांनी गाठोडं ठेवलं, सगुणा गाडीत चढून बसली, केरोबाही पुढे बसला. मास्तर चाकापाशी आले.

"जावईबापू, एवढं एकच सांगा आणि निघा. आमच्या घरातल्या माणसांपैकी पाचवा हिस्सा आम्ही सासरी दिला. मागे उरली चार माणसं. तर मूळची किती?"

सगुणेने वडिलांच्या पाठीमागून पाचही बोटं पसरून दाखवली. केरोबाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो डोळे मिटून आईचं शहाणपण आठवत होता. जेवढं दिलं, तेवढं परत मिळवायचं!

तो खाली उतरला. सगुणेला हात धरून उतरवलं, गाठोडं उतरवलं, आणि तिला ओट्यावर आईच्या आणि भावांच्या मध्ये नेऊन बसवलं. मास्तरांनाही दंडाला धरून शेजारी टेकवलं. मग एकेकाच्या डोक्यावर बोट ठेवत मोजलं.

"एकूण पाच!"

"शाब्बास!" मास्तर ओरडले. त्यांचे डोळे भरून आले. "नुसतं उत्तर नाही, पडताळासुद्धा घेतला!"

केरोबाची छाती फुगली. विद्येसाठी खाल्लेल्या धपाट्याचं सार्थक झालं. तो टुणकन गाडीत चढला आणि त्याने कासरे झटकले.

"अहो!" सगुणा ओट्यावरून उठत ओरडली. "आणि मी?"

"खाली बस, खाली बस!" केरोबा गाडी हाकता हाकता कळवळून ओरडला. "तू उठलीस, तर पुन्हा चारच उरतील!"