चंदनरावांचं बारसं

सरदार अर्जुनरावांच्या घराण्याची एक रीत होती. मूल झालं की रानातलं एक झाड निवडायचं, त्याचंच नाव मुलाला ठेवायचं आणि त्या झाडाला कधी कुऱ्हाड लावायची नाही.

पुढे अर्जुनरावांना चंदनी महालाचं वेड लागलं. गावाचं चंदनबन तोडायचा हुकूम सुटला. गावकऱ्यांनी पाय धरले, पण सरदार हलले नाहीत. त्यांच्या मुलाच्या बारशाला आलेली थोरली बहीण बकुळाबाई समजवायला गेली, तर म्हणाले, "अक्का, तू बारशाला आलीस, बारशापुरतंच बघ."

"बरं," बकुळाबाई म्हणाली.

नाव ठेवायचा मान आत्याचा. भरल्या सदरेत बकुळाबाईने बाळाच्या कानात बराच वेळ कुजबुज केली आणि मग मोठ्याने नाव सांगितलं, "चंदनराव."

सरदार चपापले, पण लगेच सावरले. "छान. आता त्याचं झाड दाखव. तेवढं सोडून बाकीचं बन उद्या तोडतो."

"झाड कोणतं, ते त्याच्या कानात सांगितलंय," पाळण्याला झोका देत बकुळाबाई म्हणाली. "बोलायला लागला की त्यालाच विचार."

चंदनराव बोलायला लागले, सरदार झाले, आजोबाही झाले. झाड मात्र त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही.