वाळूवरची आई

माणसं किनाऱ्यावर यायच्या आधीची गोष्ट. एक खेकडी ओल्या वाळूवर नांगीने आपल्या मेलेल्या आईची गोष्ट लिहायची आणि भरती ती रोज पुसायची. शेवटी वैतागून ती वर कोरड्या वाळूत गेली. तिथे लाट येत नव्हती, पण रेघही उमटत नव्हती. दमून खाली आली.

म्हातारा खेकडा खेकसला, "काल काय लिहिलेलंस?"

"आई फार प्रेमळ होती, आजोबा."

"असल्या आया सगळ्यांच्याच असतात. पुसलं तेच बरं झालं. लिही परत!"

चिडून तिने लिहिलं, "बगळा दिसला की आई मला बिळात ढकलायची आणि वरून शिव्या द्यायची."

म्हातारा वाचतच राहिला. "अगं, ही तर आपली सारजी!"

भरती चढत होती.

"शिव्या कुठल्या द्यायची, ते उद्या लिही," तो म्हणाला.