मुद्देमाल

"चोर सापडला म्हणतोस. मग मुद्देमाल कुठाय?"

बाबालाल वस्तादांनी हे विचारलं तेव्हा दिगंबर गाडीत स्टिअरिंगमागे बसलेला होता. चावी घातलेली. फक्त फिरवायची बाकी.

"कसला मुद्देमाल, वस्ताद?"

"पाणी. गाडी रोज पाणी पीत हुती. ते गेलं कुठं?"

दिगंबर हसला. आज आपल्याला हसायचा हक्क आहे, असं त्याला वाटत होतं.

हे गॅरेज घाटमाथ्यावर, पिराच्या दर्ग्याला लागून. सकाळी वस्ताद आधी दर्ग्याची झाडलोट करत आणि मग गॅरेजात येत. धुकं मात्र त्यांच्याही आधी आलेलं असे, आणि दुपार झाली तरी उठायचं नाव घेत नसे.

गॅरेजची एक रीत होती. शिष्य तयार झाला की एक अवघड गाडी त्याने एकट्याने खोलायची, जोडायची आणि सगळ्यांसमोर स्वतः चालू करायची. इंजिन नीट बोललं की वस्ताद भिंतीवरचं एक हत्यार काढून त्याच्या हातात देत आणि म्हणत, जा. मग त्याने खुशाल आपलं गॅरेज टाकावं. हत्यार न घेता गेलेल्याच्या दारात घाटावरचा एकही ड्रायव्हर गाडी उभी करत नसे.

दिगंबरने खाली बाजारात गाळा बघून ठेवला होता. पाटीसुद्धा रंगवून आणली होती. भिंतीवरचा टॉर्क पाना आपल्यालाच मिळणार, हेही त्याने ठरवून टाकलं होतं. वस्तादांना विचारायचं तेवढं राहिलं होतं.

त्याच भिंतीवर, हत्यारांपासून जरा लांब, एका खिळ्याला वाकलेला कनेक्टिंग रॉड, पिस्टनला जोडलेला असतो तो लोखंडी दांडा, टांगलेला असे. दर गुरुवारी वस्ताद दर्ग्यात ऊद फिरवत आणि येता येता त्या रॉडलाही दाखवत. पोरं त्याला वस्तादांचा धाकटा पीर म्हणत आणि हसत. तो कुठल्या इंजिनातला, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

दिगंबरच्या वाट्याला आलेली गाडी डेअरीच्या चेअरमनची, डिझेलवरची. रोज सकाळी तिच्या रेडिएटरच्या टाकीतलं पाणी कमी झालेलं. खाली जमिनीवर एक थेंब नाही. मागून पांढरा धूर, आणि त्याला गुऱ्हाळावर येतो तसा गोड वास. दोन गॅरेजांनी हात टेकले. ड्रायव्हरने पुढे लिंबू-मिरची बांधली आणि गाडीला लागीर झालंय म्हणून गावभर सांगत सुटला.

दिगंबरने ते लागीर बाहेर काढलं. ते निघालं ईजीआर कूलरमध्ये. इंजिनाचा गरम धूर परत आत जाण्याआधी त्याला पाण्याने थंड करणारा हा डबा. धूर आणि पाणी यांच्यामध्ये पातळ पत्र्याची एक भिंत, आणि तीच आतून चिरलेली. त्याने जुना कूलर बादलीत बुडवून त्यात हवा सोडली. बुडबुडे आले. सगळ्या गॅरेजने पाहिले. मग नवा कूलर बसवून त्याने पूर्वीसारखंच हिरवं कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी, भरलं. जिथं कुणाचा हात शिरत नाही तिथं आपला शिरतो, हे तो स्वतःच सांगत असे, त्यामुळे इतरांचे कष्ट वाचत.

"धुरातनं गेलं पाणी," तो काचेतून डोकं बाहेर काढून म्हणाला. "पांढरा धूर मग कशाचा हुता?"

"सगळं धुरातनं गेलं?"

"सगळं."

"बघितलंस?"

दिगंबरने डोकं आत घेतलं. वस्ताद बॉनेटसमोर उभे होते. त्यांच्या मागे दार, आणि दाराच्या मागे काहीच नाही, नुसतं पांढरं.

गाडी कालपासून बंद होती.

त्या बंद इंजिनात, कुठेतरी खोल, घोट गिळल्यासारखा आवाज झाला.

एकच घोट...

दिगंबर दचकला. त्याला स्वतःचाच राग आला. "हवा असंल," तो म्हणाला. "नवीन पाणी भरलंय. हवा सुटत असंल."

"असंल की."

"मग मारू चावी?"

वस्ताद काचेपाशी आले आणि एक लांब पाना त्यांनी आत सरकवला.

"आधी हातानं फिरव."

दिगंबरचे कान तापले. इंजिन हाताने फिरवून बघ, हे पहिल्या महिन्यातल्या पोराला सांगतात. आणि आज, सगळे बघत असताना, हे त्याला सांगत होते.

"वस्ताद, कूलर नवा हाय. चोर भंगारात पडलाय."

"व्हय. तू पकडलास. झ्याक पकडलास."

"मग माझ्यावर विश्वास न्हाई तुमचा?"

वस्तादांनी पाना मागे घेतला नाही. तो तसाच हवेत राहिला...

शेवटी दिगंबर उतरला. दार जरा जास्तच जोरात लावलं. खाली वाकून त्याने इंजिनाच्या पुलीला पाना अडकवला आणि ओढला.

इंजिन फिरलं. जड, पण नेहमीसारखं. त्याने वर पाहिलं, म्हणजे झालं ना समाधान, अशा नजरेने. आणि पुन्हा ओढला.

पाना थांबला.

अडकला नव्हता, थांबला होता. आतून कुणीतरी धरून ठेवावा तसा. त्याने अंग टाकलं. पाना तसूभर हलला नाही.

"जोर नको," वस्ताद हळू आवाजात म्हणाले. "आत्ता तुझाच जोर हाय. चावी मारली असतीस तर स्टार्टरचा लागला असता."

"काय हाय आत?"

"मला काय विचारतोस? चोर तू पकडलायस."

दिगंबरने इंजिनाच्या डोक्यात बसवलेले हीटर प्लग काढायला घेतले. एकेक काढून फडक्यावर ठेवत गेला. हात सराईतपणे चालत होते. बाहेरचं धुकं दारातून आत आलं होतं आणि टायरांपाशी बसलं होतं.

त्याने पुन्हा पाना ओढला.

या वेळी तो फिरला. इंजिनाच्या आतून एक लांब श्वास आला, माणूस झोपेतून उठताना सोडतो तसा. आणि प्लगच्या एका भोकातून हिरवं पाणी उसळून त्याच्या छातीवर, तोंडावर आलं. थंडगार. पिराच्या विहिरीचं पाणीही इतकं थंड नसतं.

ओठांना गोड लागलं. तो पचकन थुंकला. पुन्हा पुन्हा थुंकत राहिला.

मग त्याने बाहीने तोंड पुसलं आणि त्या भोकाकडे पाहिलं. जुन्या कूलरमधून पाझरलेलं पाणी पिस्टनवर साठून होतं. आत कोंडलेलं पाणी दबत नाही, जागा देत नाही. चावी फिरवली असती तर पाणी तसंच राहिलं असतं आणि लोखंड वाकलं असतं. हे सगळं त्याला माहीत होतं. पहिल्या महिन्यापासून माहीत होतं.

त्याची नजर भिंतीवर गेली. खिळ्यावरच्या रॉडवर. तो वाक आज त्याला पहिल्यांदा दिसला.

"वस्ताद... तो रॉड. कुणाच्या हातचा?"

वस्तादांनी आपला उजवा तळवा समोर धरला आणि त्याच्याकडे पाहत राहिले. मग तो पँटला पुसला.

"प्लग लाव," ते म्हणाले. "आणि मार चावी."

दिगंबरने भोकं कोरडी केली, प्लग लावले, हाताने इंजिन पुन्हा फिरवून पाहिलं. आणखी एकदा पाहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. मग तो स्टिअरिंगमागे बसला. चावीला बोटं लागली आणि तिथेच राहिली. फिरेनात.

वस्ताद बॉनेटसमोर उभे. घाई नाही, इशारा नाही.

त्याने डोळे मिटून चावी फिरवली.

इंजिन लागलं. मागून पांढरा धूर निघाला, दाट, गोड वासाचा, आणि सरळ धुक्यात शिरला. कुठे धूर संपतो आणि कुठे धुकं सुरू होतं, कळेना. हळूहळू धूर विरला, वास गेला. इंजिन नीट बोलू लागलं. तरी दिगंबर बराच वेळ मागेच बघत होता, तिथून अजून कुणी बाहेर यायचं बाकी असल्यासारखा.

त्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"गाळा सोडून देतो, वस्ताद. माझं आज काय खरं न्हाई. मी आणखी थांबतो हितंच."

वस्ताद भिंतीकडे गेले. त्यांचा हात टॉर्क पान्यावरून गेला आणि थांबला नाही. त्यांनी खिळ्यावरचा वाकलेला रॉड काढला. आणून दिगंबरच्या हातात ठेवला.

रॉड त्याच्या अंगठीवर वाजायला लागला. टक... टक... टक. त्याने मूठ घट्ट केली, तरी वाजतच राहिला.

"वस्ताद," तो म्हणाला, "हात बघा माझा. थांबंना झालाय."

वस्ताद पाठमोरे होऊन दर्ग्याच्या दिशेने निघाले होते. धुक्यात त्यांचे खांदे गेले, मग टोपी गेली. आवाज तेवढा आला.

"त्याचीच वाट बघत हुतो... जा आता."