हैबती हवालदाराच्या सात बंदुका

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. तालुक्याला जायला दोन खिंडी पायी ओलांडाव्या लागत तेव्हाची, एवढं धरून चाला. त्या खिंडींच्या अलीकडे आपली ही सोनगिरवाडी, आणि वाडीत हैबती हवालदार.

हैबती संस्थानाच्या पलटणीत होता. पलटण मोडली तेव्हा महाराजांनी शिपायांच्या बंदुका शिपायांनाच देऊन टाकल्या. "सांभाळा," एवढंच म्हणाले. आता शिपायाला सांभाळा म्हटलं की तो हुकूमच झाला. पण शिपाई म्हातारे झाले, बरेच गेले, आणि घरच्यांना बंदुकीचं काय कौतुक? एकीनं तिच्यावर कांद्याच्या जुड्या टांगल्या. एकानं ती गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावली. एका घरी तर तिला आडवी बांधून पाळणा टांगलेला! हैबतीच्या अंगाचा तिळपापड झाला. तो दारोदार फिरला, पाळण्याला नवा वासा दिला, गोठ्याला नवा अडसर दिला आणि एकेक करून सात बंदुका गोळा केल्या. करडईच्या तेलानं पुसून त्या इतक्या लखलखीत केल्या, की त्यांत तोंड बघून तो मिशा विंचरायचा, असं म्हणतात.

गावात एक रीत होती. शिपाई वारला की ओढ्याकाठी सात बंदुकांचा बार काढायचा. बार झाला की शिपाई पहाऱ्यावरून सुटला. नाही झाला, तर तो बिचारा वर जाऊनही उभाच राहतो. हैबतीचा जिवलग भिकोबा नाईक तेव्हा अंथरुणाला खिळला होता. तो म्हणाला, "हैबत्या, जन्मभर उभा राहिलोय. मला सोडवशील न्हवं?"

"सोडवणार म्हंजे सोडवणार," हैबतीनं शब्द दिला.

आणि नेमका तेव्हाच कायदा आला, की बंदुकीला परवाना हवा.

हैबती कायदा मोडणारा माणूस नव्हता. त्यानं सातही बंदुका मोळीसारख्या बांधल्या, डोक्यावर घेतल्या आणि तालुक्याची वाट धरली. नाक्यावर पोलिसानं अडवलं. परवान्याशिवाय बंदूक रस्त्यानं नेता येत नाही म्हणे. "अरं बाबा, परवाना काढायलाच चाललोय!" "मग आधी काढा आणि मग न्या." आला माघारी. दुसऱ्या खेपेला रिकाम्या हातानं गेला, तर कचेरीतला कारकून म्हणतो, "बंदुका कुठायत? बघितल्याशिवाय परवाना कसा देऊ?" घ्या! आता काय म्हणावं या कारभाराला?

कशीबशी नाक्यावरून जायची चिठ्ठी मिळाली, तर कळलं की एका माणसाला एकच बंदूक. मग हैबतीनं सहा म्हातारे बरोबर नेले. त्यांतला एक दोन्ही डोळ्यांनी आंधळा. कारकुनानं कपाळावर हात मारून घेतला.

"हवालदार, आंधळ्याला बंदूक?"

"त्याला काय वाघ मारायचाय? आभाळाकडं तर धरायची! आभाळ चुकतंय व्हय?"

अशा खेपा झाल्या बत्तीस. खिंडीतल्या कातळावर हैबतीच्या वहाणांच्या खळग्या पडल्या, असं म्हणतात. त्यांत अजून पाणी साचतं आणि शेळ्या ते पितात.

इकडं भिकोबा मरायला तयार, पण मरेना. वैद्यानं तीनदा दिवस सांगितला आणि तीनदा तोंडावर पडला. यम दारात आला की भिकोबा म्हणायचा, "थांबा जरा, परवाना यायचाय." यमालाही कचेरीचा कारभार ठाऊक असावा. तो मुकाट्यानं माघारी जायचा, असं म्हणतात.

अखेर एक नवे साहेब आले. म्हणाले, "बंदुका इथं जमा करा. आठ दिवसांत शिक्के मारून परत देतो." हैबतीनं टाचा जुळवून सलाम ठोकला आणि दिल्या की हो बंदुका! दुसरा कुणी असता तर लिहून मागितलं असतं, शंका काढली असती. हैबती पडला शिपाई. वरिष्ठ आठ दिवस म्हणाला म्हणजे आठ दिवस. बंदुका कोठडीत गेल्या, कुलूप पडलं, वर लाखेचा शिक्का बसला. आठ दिवस गेले, आठ महिने गेले, साहेबांची बदली झाली. पुढचे म्हणाले, कागद वर गेलाय. वर म्हणजे कुठं, ते कुणालाच सांगता येईना.

हैबती भिकोबाच्या उशाशी येऊन बसला. "भिक्या, मी माझ्या हातानं देऊन आलो रं," म्हणाला आणि ढसाढसा रडला.

भिकोबा पार थकला होता. "जाऊ दे," तो म्हणाला. "तू हुकूम तेवढा दे. पुढचं मी बघतो." आणि त्यानं डोळे मिटले.

ओढ्याकाठी सगळं गाव जमलं. हैबतीला शरम वाटत होती, आणि शरमेहून जास्त चीड. "मुसळं आणा!" तो ओरडला. सात घरांतून सात मुसळं आली. सात म्हाताऱ्यांनी ती खांद्याला लावून आभाळाकडं धरली, आंधळ्यानंसुद्धा. हैबतीनं बेंबीच्या देठापासून हुकूम दिला.

आणि धाडकन बार झाला! ओढ्यावरचे बगळे उडाले. दोन खिंडींपलीकडं कचेरीची कौलं खडखडली, कारकुनाची दौत कलंडली. तो धावत कोठडीशी गेला, तर कुलूप जसंच्या तसं, लाखही जशीच्या तशी. दार उघडलं, तर आत धूर कोंडलेला आणि सातही बंदुकांच्या नळ्या तव्यासारख्या तापलेल्या, असं म्हणतात.

आता पंचाईत झाली कचेरीची! विनापरवाना बार निघाला, तोही सरकारी कोठडीत. गुन्हा लिहायचा कुणावर? कारकुनानं तीन दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी स्वतःलाच नोटीस काढली. तिचं उत्तर लिहिता लिहिता तो म्हातारा झाला.

अजूनही कुणाचं सरकारी काम अडलं की वाडीत म्हणतात, याच्या हैबतीच्या खेपा चालल्यात. दरवर्षी भिकोबाच्या तिथीला सात जण कचेरीत जातात आणि हैबतीच्या नावानं तोच अर्ज देतात. कारकून नवा असला तर विचारतो, "हे हैबती कोण?" मग त्याला बसवून सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. तो ऐकतो, अर्जावर शिक्का मारतो आणि पुढच्या वर्षी या म्हणतो.

आणि वाडीतला कुणी शिपाई वारला की सात घरांतून सात मुसळं येतात. ओढ्याकाठी हैबतीच्या नावानं हुकूम होतो, मुसळं वर जातात आणि बार ऐकू येतो. वाटल्यास वाडीत कुणालाही विचारा. माणूस सुटतो. परवाना तेवढा अजून यायचाय.