तांबटणीच्या अंगणातले मोर

फार फार वर्षांपूर्वी, रान अजून गावाच्या वेशीपर्यंत येऊन टेकलेलं असे, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात एक तांबट आणि एक कुंभार शेजारी-शेजारी राहत. दोघांच्या अंगणांमध्ये कमरेएवढा मातीचा गडगा होता. त्यांची नावं मी सांगत नाही. सांगितली, तर तुमच्या शेजारी नेमकी त्याच नावाची कुणी निघायची आणि बोलणी मला बसायची.

तांबटाची बायको कामाला वाघीण होती. नवऱ्याने ठोकून घडवलेले हंडे आणि घागरी ती चिंच लावून असे घासायची, की ओसरीवर नजर ठरत नसे. बाई वाईट नव्हती. पण तिचं सगळं लक्ष गडग्यापलीकडे. कुंभारणीच्या गाईला गोऱ्हा झाला, की हिच्या पोटात दुखायला लागे. कुंभारणीच्या भाजीला चव आली, की हिला स्वतःच्या घरचा घास कडू लागे. कुंभारणीला याचा पत्ताही नव्हता. ती आपली चिखल तुडवायची आणि गाणी म्हणायची. ती गाणी म्हणते, याचाही तांबटणीला राग यायचा.

दोघींच्या मुली लग्नाच्या होत्या. एके दिवशी भर दुपारी रानातून एक मोर उतरला, थेट कुंभारणीच्या अंगणात आला आणि भट्टीच्या सरपणाशी बराच वेळ रेंगाळला. बघता बघता सगळी आळी गडग्याशी जमली. आणि त्याच आठवड्यात कुंभारणीच्या मुलीचं लग्न ठरलं, तेही चांगल्या खात्यापित्या घरी.

मग काय विचारता! जो तो म्हणू लागला, "मोराच्या पायानं आलं हो नशीब!"

तांबटणीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. चुलीपुढे बसलेल्या लेकीकडे ती बघत राहिली. रूपाने, कामाने, वागण्याने आपली पोर कुठे कमी आहे? मग मोर तिकडेच का गेला? हे मधलं ढेकळाचं कुंपण त्याला ओलांडता येत नव्हतं का?

आता त्या गावची एक रीत सांगायला हवी. खळ्यावर रास पडली, की पाखरांचा वाटा आधी बाजूला काढत. तो वाटा वेशीबाहेरच्या एका सपाट शिळेवर नेऊन ठेवायचा. घराघरांना एकेका महिन्याची पाळी लावलेली असे. नेणाऱ्या बाईने पदराने तोंड झाकायचं, पाखरांना हाक मारायची नाही, दाणे ओतायचे आणि मागे न बघता परत यायचं. गावच्या म्हाताऱ्या सुईणीने प्रत्येक नव्या सुनेला हे बजावून सांगितलेलं होतं. "पाखराला दाणा कळू दे, माणसाचं तोंड कळू देऊ नका. एकदा का तोंड कळलं, की ते रान विसरतं."

त्या महिन्यात पाळी तांबटणीची होती.

ती टोपली घेऊन शिळेपाशी गेली. पण तिने तोंड झाकलं नाही. मूठभर दाणे शिळेवर टाकले, समोरच बसली आणि "आ, आ, आ" करून हाका मारल्या. झाडीतून दोन मोर डोकावले. मग ती उठली आणि वाटेने दाणे सांडत, मागे वळून वळून बघत घरी आली. उरलेली टोपली तिने आपल्या अंगणात रिकामी केली.

मोर आले. दुसऱ्या दिवशी आणखी आले, लांडोरींना घेऊन आले. शिळेवर दाणा नव्हताच, मग रानात थांबून करायचं काय? महिना सरेपर्यंत तांबटणीचं अंगण मोरांनी भरून गेलं. परगावचे लोक बघायला येऊ लागले. तांबटीण ओसरीवर बसून मुठीने दाणे फेकायची आणि फेकता फेकता गडग्यापलीकडे बघायची. कुंभारीण बघतेय ना? पुढे पाळी दुसऱ्या घरांकडे गेली, शिळेवर दाणे पडू लागले. पण तिकडे आता कोण फिरकतंय? हिच्या घरची कणगी होतीच ना उघडी!

तांबट एकदा म्हणाला, "अगं, आपल्याला पुरेल का हे धान्य?"

"तुम्ही तुमचे हंडे ठोका," ती म्हणाली. "लेकीचं नशीब ठोकून घडत नसतं."

पुढे मोर धीट झाले. ते आधी अंगणात यायचे, मग ओसरीवर आले, मग चुलीपर्यंत पोचले. पोरांच्या हातातली भाकरी हिसकावू लागले. वाळत घातलेल्या पापड-कुरडयांचा फडशा पाडू लागले. आळीतून जाणाऱ्या म्हाताऱ्यांची वाट अडवून पिसारा फुलवून उभे राहू लागले. काठी उगारली, तर पळायचं सोडून अंगावर येऊ लागले. माणसाची भीती म्हणून काही उरलीच नाही.

सुईण काठी टेकत आली. "बये, तू त्यांना तोंड दाखवलंस ना?"

"पाखरंच ती आजी, खाणारच. तुमच्या दारी येत नाहीत, त्याला मी काय करू?" तांबटीण म्हणाली.

एके दिवशी मोरांचा थवा गडगा ओलांडून कुंभारणीच्या अंगणात घुसला. तिथे उन्हात कच्ची मडकी मांडलेली होती. मोरांच्या पायांखाली आणि चोचींखाली अर्ध्याहून जास्त मडक्यांचा चिखल झाला. कुंभारीण डोक्याला हात लावून बसली. आणि खरं सांगायचं तर, तेव्हा तांबटणीला बरं वाटलं. अगदी आतून, गारेगार बरं वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्या लेकीला स्थळ आलं. मोरांची कीर्ती ऐकूनच ती मंडळी आली होती. तांबटणीला आभाळ ठेंगणं झालं. तिने ओसरीवर जाजम अंथरलं, सगळ्यात मोठा हंडा लख्ख घासून दर्शनी ठेवला आणि पाहुण्यांपुढे पानं वाढली.

पुरणपोळीवर तुपाची धार पडते न पडते, तोच एक मोर ओसरीवर चढला. समोर हंडा होता आणि हंड्यात मोर होता! आपल्या अंगणात हा दुसरा कोण आला? पिसं फुलवून तो हंड्यावर तुटून पडला. चोची मारल्या, लाथा मारल्या, हंडा गडगडत खाली आला. त्या आवाजाने बाकीचे धावून आले आणि पानांत शिरले. मुलाच्या आईच्या हाताला चोच लागून रक्त आलं. पाहुण्यांची पागोटी सुटली. जो तो वाट फुटेल तिकडे पळाला.

एकटी लेक पळाली नाही. तिने मुलाच्या आईला पाठीशी घातलं, हातात केरसुणी घेतली आणि मोरांना हटवत तिला गडग्यापलीकडे कुंभारणीच्या घरात नेलं. कुंभारणीने दार लावलं, हळद लावून हात बांधला, प्यायला पाणी दिलं.

तांबटीणही मागोमाग तिथे आली. शरमेने तिचं तोंड काळवंडलं होतं. तरी बोलायची राहिली नाही. "तुझ्याकडे एक मोर आला आणि लेकीचं सोनं झालं. माझ्याकडे एवढे आले आणि माझ्या पोरीच्या नशिबाची माती झाली. तुझंच कसं गं सगळं बरं होतं?"

कुंभारीण म्हणाली,

"अगं बाई, तो मोर कशाला आला होता, ठाऊक आहे का तुला? माझ्या सरपणाला वाळवी लागली होती. ती खायला आला होता तो. भट्टीपुरतं साठवलेलं सगळं लाकूड भुसा झालं. मग दुसऱ्यांच्या शेतात राबून आम्ही सरपण आणलं. आणि लेकीचं म्हणशील, तर ते तिच्या आत्यानं कधीचं ठरवून ठेवलेलं होतं, त्या आठवड्यात फक्त सुपारी फुटली. तू विचारलं असतंस, तर सांगितलं असतं की."

तांबटणीच्या मनात आलं, मी रोज हिच्या सुखाकडे बघून जळत होते, आणि ते सुख म्हणजे वाळवी होती?

मुलाची आई हात सांभाळत उठली. ती म्हणाली, "मुलगी आम्हाला पसंत आहे. आज तिनं मला राखलं. पण लग्न त्या अंगणात नको, बाई."

तांबटीण सुईणीच्या पाया पडली. सुईण म्हणाली, "शिळेवर दाणे आहेतच. पण तुझं तोंड दिसतंय तोवर मोर हलायचे नाहीत. आता तू दिसेनाशी हो. कणगीला झाकण घाल. दिवसाउजेडी अंगणात पाऊल टाकायचं नाही. ते तुला विसरतील तेव्हाच रानात जातील."

लग्नाचा मुहूर्त तर जवळ आला होता. मांडव कुंभारणीच्या अंगणात पडला. तांबटीण कुंभारणीच्या माजघरात, खिडकीच्या फटीला डोळा लावून उभी राहिली. समोर तिच्याच घराच्या कौलांवर मोर रांगेने बसले होते. माना उंच करून ते तिलाच शोधत होते.

कन्यादानाची वेळ झाली. तांबट पाटावर बसला. शेजारचा पाट रिकामा. भटजींनी विचारलं, "मुलीची आई कुठे आहे?"

तांबटणीला राहवेना. तिने दार ढकललं, एक पाऊल बाहेर टाकलं. कौलांवरून एक मोर ओळखीने ओरडला आणि झेपावला. ती मागे सरली आणि दार लावून घेतलं. मोर थोडा वेळ दाराशी घुटमळला आणि परत कौलांवर गेला.

शेवटी कुंभारणीने हात धुतले आणि त्या रिकाम्या पाटावर बसली. तांबटाने घडवलेल्या, तांबटणीने घासलेल्या कलशातून लेकीच्या हातावर पाण्याची धार धरली ती कुंभारणीने.

तेव्हा तांबटणीला तिचा हेवा वाटला का? वाटला. आयुष्यात कधी वाटला नव्हता इतका वाटला. पण या वेळी कुणावर रागवायला जागा नव्हती. ती बंद दाराआड उभी राहून रडली.

पुढच्या सुगीपर्यंत मोर तिला विसरले आणि रानात परतले. तिची पाळी आली तेव्हा ती पदराने तोंड झाकून गेली, दाणे ओतले आणि मागे न बघता परत आली. येताना वाटेत कुंभारीण भेटली. तांबटणीने थांबून तिला विचारलं, "सरपण नीट आहे ना गं यंदा?"

तात्पर्य: शेजारच्या अंगणातला मोर सगळ्यांना दिसतो, शेजाऱ्याच्या सरपणाला लागलेली वाळवी दिसत नाही, म्हणून हेवा करण्याआधी विचारपूस करावी.