हन्नाच्या वाटणीचं सूप

फार पूर्वी, इथून फार दूर, डोंगरांच्या बेचक्यात एक गाव होतं. थंडी पडली की तिथली नदी गोठायची, खिंड बर्फाने बुजायची, आणि मग वसंत येईपर्यंत गावातून कुणी बाहेर जात नसे की बाहेरचं कुणी आत येत नसे. माणसं साधी होती. अंगावर एकरंगी कपडे, घरात आरसा नाही, बोलण्यात बडेजाव नाही. शेत ज्याचं त्याचं, पण धान्याचं कोठार सगळ्यांचं मिळून एक. हिवाळ्यात तर चूलसुद्धा एकच. सरपण पुरायला हवं ना! म्हणून गावच्या सभाघरात मोठा तांब्याचा हंडा चढे आणि सारं गाव त्यातल्या सुपावर हिवाळा काढी.

ते सूप हन्ना करायची. आदल्या दिवशी पांढरा घेवडा आणि जव भिजत घालायचे. कोंबडीची हाडं मंद आचेवर उकळत ठेवायची. मग बटाटे, गाजरं, भरपूर कांदा. सगळ्यात शेवटी, अंडं घालून घट्ट मळलेली कणीक ती बोटांनी चुरून उकळत्या सुपात सोडायची. सूप इतकं दाट व्हायचं की त्यात डाव उभा राही. एक वाडगा पोटात गेला की माणूस दिवसभर बर्फात लाकडं फोडायला मोकळा.

पण त्या वर्षी सभाघरात कुणी फारसं बोलत नव्हतं. माना खाली घालून लोक जेवायचे आणि उठून जायचे.

त्याला कारण होतं. नदीवरचा बर्फ पक्का झाला की नाही, हे पार मध्यापर्यंत चालत जाऊन पाहायचं काम गावाने ओबेदकडे दिलेलं होतं. ओबेद हा हन्नाच्या नवऱ्याचा, शिमोनचा, लहानपणापासूनचा सोबती. त्या दिवशी वारं अंगाला झोंबत होतं. ओबेद काठावरच चार ठिकाणी पहार आपटून परत फिरला. शिमोन लाकडांनी भरलेली गाडी घेऊन निघाला होता. त्याने विचारलं, "मध्यापर्यंत पाहून आलास ना?"

"आलो की," ओबेद म्हणाला.

नदीच्या मध्यावर बर्फ फुटला. गाडी गेली, घोडा गेला, शिमोनही गेला.

पंचांनी विचारलं, तेव्हासुद्धा ओबेद आधी खोटंच बोलला. दुसऱ्या दिवशी त्याने खरं काय ते सांगितलं, पण तोवर तो गावाच्या मनातून उतरला होता. खोटं बोलणं हा त्या गावात सगळ्यात मोठा गुन्हा. पंचांनी त्याला वाळीत टाकलं. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, हंड्यातलं सूप त्याला द्यायचं नाही. पाळीपाळीने एकेकाने त्याच्या उंबऱ्यावर कोरडा पाव ठेवून यायचं, एवढंच.

"हन्ना ज्या दिवशी मनापासून म्हणेल, की मी क्षमा केली, त्या दिवशी तो परत आपला," मुख्य पंच म्हणाले.

 हन्नाच्या छातीत दगड बसला होता. तिला रडूही येत नव्हतं.

पाव ठेवण्याच्या पाळीतून तिला सूट होती. पण एका सकाळी जिची पाळी होती ती शेजारीण आजारी पडली, बर्फही खूप पडला होता, दुसरं कुणी मोकळं नव्हतं. हन्ना पाव घेऊन निघाली. ठेवायचा आणि मागे वळून न पाहता परतायचं, असं ठरवूनच ती गेली.

उंबऱ्यावर आदल्या दिवशीचा पाव तसाच पडला होता. गोठून विटेसारखा झालेला. आतून खोकल्याची ढास ऐकू येत होती.

ती क्षणभर थांबली, मग तिने दार लोटलं. चूल विझलेली. ओबेद घोंगडीत मुटकुळं करून पडला होता. डोळे खोल गेले होते, अंग तापाने फणफणत होतं. तिला पाहताच तो उठायला धडपडला.

"वहिनी, तुम्ही परत जा," तो कसाबसा म्हणाला. "माझ्याशी बोलायचं नाही तुम्ही."

"पाव का नाही खाल्लास?"

"घशाखाली उतरत नाही."

 तिने चूल पेटवली, पाणी तापवून त्याला दिलं आणि ती तडक मुख्य पंचांकडे गेली.

"ओबेद फार आजारी आहे," ती म्हणाली. "कोरडा पाव त्याला गिळवत नाही. गरम सूप मिळालं नाही तर तो मरेल."

म्हाताऱ्या पंचांचा चेहरा उजळला. "म्हणजे तू क्षमा केलीस? सांग तसं, पोरी. आत्ताच सगळ्यांना बोलावतो."

हन्नाने ओठ उघडले आणि मिटले. चार शब्दच तर बोलायचे होते! पण ते खरे नव्हते.

"नाही," ती म्हणाली. "त्याचं तोंड पाहिलं आणि मला शिमोनच दिसला. क्षमा माझ्या मनात नाही, पंच. जे मनात नाही ते ओठांवर कसं आणू? खोटं बोलला म्हणूनच तर त्याला वाळीत टाकलंय आपण."

पंचांनी खाली पाहिलं. "मग हंड्याला हात लावता येणार नाही. नियम सगळ्यांना सारखा."

"हंड्यातलं मी त्याला देतच नाही," हन्ना शांतपणे म्हणाली. "माझा वाडगा तर माझा आहे ना? माझ्या वाटणीचं मी काय करायचं, त्याला कुठे नियम आहे?"

 पंच म्हणाले, "तुझी उपासमार होईल."

"बघू."

त्या दुपारी हन्नाने सगळ्यांना वाढलं, शेवटी आपला वाडगा भरला, त्यावर फडकं झाकलं आणि न जेवता ती बाहेर पडली. ओबेदला चमचाही धरवत नव्हता. तिने त्याचं डोकं वर धरलं आणि एकेक घोट भरवला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिच्या चेहऱ्यावर माया नव्हती, हात मात्र हलका होता.

"वहिनी, मी मध्यापर्यंत गेलोच नव्हतो," तो पुटपुटला.

"ठाऊक आहे मला. गीळ आता."

असं रोज चाललं. हन्नाच्या वाट्याला ओबेदसाठीचा तो कोरडा पाव आला. तो पाण्यात बुडवून ती खायची. आठवड्याभरात तिच्या गालांची हाडं वर आली, हंडा उतरवताना तिचा तोल जाऊ लागला. सगळे पाहत होते. 

एके दिवशी ती वाडगा झाकून दाराशी पोचली, तेव्हा आजारातून उठलेली तिची शेजारीण आडवी आली. तिने फडकं सारलं आणि आपल्या वाडग्यातलं थोडं सूप हन्नाच्या वाडग्यात ओतलं.

"हे माझ्या वाटणीचं," ती म्हणाली. "यातलं तू खा."

मग बाकावरून एक लोहार उठला. त्याच्या मागून एक लेकुरवाळी उठली. हन्नाचा वाडगा भरून वाहायला लागला, तेव्हा कुणीतरी दुसरा आणून तिच्या हाती दिला. मुख्य पंच सगळ्यात शेवटी आले. त्यांनी आपल्या वाडग्यातलं अर्धं सूप त्यात ओतलं. हंड्याला कुणी हात लावला नव्हता. हंड्याचा नियम कुणी मोडला नव्हता.

त्या दिवसापासून हन्नाही ओबेदच्या चुलीशी बसून जेवू लागली. दोघं फारसं बोलत नसत. ओबेदचा ताप उतरला, तो उठून बसायला लागला. एकदा वाटेत हन्नाच्या मनात आलं, 'कालपेक्षा आज खोकला कमी असेल ना त्याचा? कणीक जरा जास्त चुरली असती तर बरं झालं असतं, त्याला आवडते.' आणि ती बर्फात थबकली. हा आपण कुणाचा विचार करतोय? तिने छातीवर हात ठेवून पाहिलं. दगड तिथे नव्हता. तो केव्हा गेला, हे तिला कळलंच नव्हतं.

ती दाराशी पोचली आणि म्हणाली, "उठा भावजी, अंगावर घोंगडी घ्या. आज आपल्याला सभाघरात जेवायचंय."

ओबेदने घोंगडी ओढून घेतली आणि तो तिच्या मागून निघाला. सभाघराच्या उंबऱ्याशी तो थांबला. तिने त्याच्या दंडाला धरून त्याला आत नेलं आणि सगळ्यांसमोर ते शब्द उच्चारले. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचला. लोकांनी सरकून जागा केली. ओबेदपुढे हंड्यातल्या सुपाचा वाडगा आला.

शिमोन काही परत आला नाही. पण त्या दिवशी हन्ना सगळ्यांच्या मधोमध बसून पोटभर जेवली, आणि जेवून झाल्यावर, नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच, त्याच्यासाठी ढसढसा रडली.

तात्पर्य: क्षमा मनात उगवेल तेव्हा देऊ, असं म्हणून वाट पाहत बसू नये. आधी हाताने चांगलं करत राहावं. मन सावकाश का होईना, त्याच्या मागून येतं.